स्पेक्ट्रम चालू करतो, पण टीव्हीवर चित्र नाही: रॅम मागवण्याआधी काय मोजायचं

ऐरोलीच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. काकांनी १९८५ साली मस्कतहून आणलेला सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस हा टीव्हीला जोडायचा घरगुती संगणक माळ्यावर सापडला. मूळ अडॅप्टरची वायर उंदरांनी कुरतडलेली, म्हणून वायफाय राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला. एलईडी टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात केबल घातली, ऑटो सर्च केलं, पडदा निळाच राहिला. असं दोनदा केलं, प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटं. ओळखीच्या एकाने सांगितलं की रॅम गेली असणार, आठ चिप मागवा. मागवाव्यात का?

नको, ताई. इतक्यात नको. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे वाचून होईपर्यंत त्याला परत वीज देऊ नका.

मी ठाण्यात नौपाड्यात राहतो. टीव्ही दुरुस्तीपासून सुरुवात केली, पुढे वागळे इस्टेटमध्ये कंट्रोल पॅनेलची कामं केली, आणि १९८७-८८ पासून हे छोटे संगणक माझ्या टेबलावर येत आहेत. तेव्हा ते क्लासमधून यायचे, आता माळ्यावरून येतात. बिघाड मात्र तेच आहेत, आणि ‘चित्र नाही’ म्हणून आलेल्या मशीनमध्ये रॅमवर पहिला हात टाकला की नुकसानच होतं, हे मी स्वतः शिकलो आहे. ते पुढे सांगतो.

आधी अडॅप्टरचं. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी, १.४ अँपिअर लागतो, आणि त्याच्या गोल पिनेत मधला भाग ऋण, बाहेरचा धन असतो. आपल्या घरातले राउटरचे अडॅप्टर जवळजवळ सगळे याच्या उलट, मध्ये धन असलेले. म्हणजे तुमच्या मशीनला व्होल्टेज जास्त गेलं एवढंच नाही, ते उलटं गेलं. स्पेक्ट्रमच्या बोर्डवर उलट्या जोडणीपासून वाचवणारा डायोड दिलेलाच नाही. घाबरून जाऊ नका. उलटा सप्लाय बसलेली मशीन मी बरीच पाहिली आहेत आणि त्यातली पुष्कळशी एक ट्रान्झिस्टर आणि एक रेग्युलेटर बदलून उभी राहिली. एक गोष्ट आठवून पाहा: अडॅप्टरवर छोटा दिवा असेल तर तो स्थिर होता की लुकलुकत होता? लुकलुकत असेल तर बरं झालं. जास्त करंट ओढला जातोय हे कळून अडॅप्टर स्वतःच बंद-चालू होत होता आणि त्यामुळे आतल्या भागांना सलग मार बसला नाही.

नवा अडॅप्टर घेताना गिटारच्या इफेक्ट पेडलचा बघा. ते ९ व्होल्टचे आणि मध्ये ऋण असतात, वाद्यांच्या दुकानात मिळतात. फक्त करंट दीड अँपिअरच्या आसपास आहे ना, ते लेबलवर वाचून घ्या. त्यातले लहान अडॅप्टर अर्ध्या अँपिअरचेही असतात आणि ते पुरणार नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे साधा ९ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर घेऊन वायर कापायची, दोन तारा उलटवून सोल्डर करायच्या, वर श्रिंक स्लीव्ह चढवायची आणि पिनेला लाल नेलपेंटचा ठिपका लावायचा, म्हणजे उद्या घरातलं कोणी तो राउटरला लावणार नाही. काहीही केलंत तरी मशीनमध्ये घालण्याआधी मल्टीमीटरने पिन तपासा: लाल काडी बाहेरच्या धातूला, काळी आतल्या भोकात, आकडा उणे चिन्हाशिवाय आला पाहिजे. आणि १२ व्होल्ट सरळ दिशेने लावले तरी चालणार नाहीत. आत ७८०५ रेग्युलेटर आहे, तो वरचं सगळं व्होल्टेज उष्णतेत घालवतो. पाऊण अँपिअर धरला तर ९ व्होल्टवर ३ वॅट, १२ वर सव्वापाच वॅट. मे महिन्यात ठाण्याच्या घरात तो पत्र्याचा छोटा हीटसिंक एवढं झेपवू शकत नाही.

आता टीव्हीकडे या, कारण तुमचा निळा पडदा मशीनबद्दल काहीच सांगत नाही. स्पेक्ट्रमच्या आत ॲस्टेकचा यूएम१२३३ मॉड्युलेटर आहे. तो यूएचएफच्या ३६ नंबरच्या चॅनेलवर, ५९१.२५ मेगाहर्ट्झच्या जवळ, एखाद्या छोट्या प्रक्षेपण केंद्रासारखं चित्र सोडतो. तुमच्यासारख्या ४८के मशीनमध्ये आवाज या वाटेने जातच नाही, तो पेटीतल्या छोट्या स्पीकरमधूनच येतो. शिवाय चित्राच्या ओळी दूरदर्शनसारख्या ६२५ इंटरलेस नाहीत. ३१२ ओळींची एकच फ्रेम, सेकंदाला ५० पेक्षा किंचित जास्त वेळा. चाळीस वर्षांपूर्वीच्या पोर्टेबल टीव्हीला हे निमूट चालायचं. आजचा टीव्ही ऑटो सर्चमध्ये आवाज शोधतो, सिंक तपासतो, मनासारखं मिळालं नाही की पुढे सरकतो आणि वर निळा पडदा टाकून खालचं सगळं झाकून ठेवतो. म्हणून मेनूत ॲनालॉगचं मॅन्युअल ट्यूनिंग उघडा, सेटिंगमध्ये निळा पडदा बंद करता येत असेल तर करा, आणि ५९१ च्या अलीकडे-पलीकडे हाताने फिरवा. नातेवाइकांकडे कुठे डबडा टीव्ही, म्हणजे पिक्चर ट्यूबवाला, पडून असेल तर तो सोन्यासारखा. त्यावर मुंग्या दिसतात, आणि मुंग्या किती बोलतात ते पुढे कळेल. फक्त तो टीव्ही उघडू नका; त्यात हजारो व्होल्ट बसलेले असतात.

वीज देण्याआधी मशीन उघडा. खालचे स्क्रू काढा, कोणता कुठला ते कागदावर मांडून ठेवा, कारण लांबी सारखी नसते. वरचा भाग उचलताना झटका देऊ नका. कीबोर्डच्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या बोर्डच्या सॉकेटमध्ये घुसलेल्या असतात आणि चाळीस वर्षांनी त्या वाळलेल्या पिंपळपानासारख्या झालेल्या असतात. हलक्या हाताने सरळ वर ओढून काढा. कीबोर्डशिवायही चित्र यायला हवं, त्यामुळे आत्ता तो बाजूला ठेवला तरी काही अडत नाही. एक दिलासा आधीच देतो: या बोर्डवर बॅटरी नाही. नंतरच्या काळातल्या कित्येक संगणकांचे बोर्ड गळलेल्या बॅटरीने खाल्ले, त्यातून स्पेक्ट्रम वाचला.

आपल्याकडचा खरा शत्रू दमट हवा. खाडीच्या दोन्ही काठांवर, तुमच्या ऐरोलीत आणि आमच्याकडे कळवा-कोपरीकडे, चिखलातून गंधकाचा वायू सुटतो, आणि चांदीचा मुलामा असलेले चिपचे पाय त्याने काळे पडतात. काळे पाय म्हणजे चिप मेली असं नाही. पण जी चिप सॉकेटमध्ये बसवलेली आहे, विशेषतः यूएलए, म्हणजे चित्र तयार करणारी चिप, तिच्या पायांवर ही काजळी सॉकेटशी संपर्क तोडते. कळव्याहून आलेलं एक मशीन मी दोन दिवस घेऊन बसलो होतो; यूएलए सॉकेटमधून काढून, पाय खोडरबराने घासून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून परत बसवली आणि ते चालू झालं. तुम्हीही हे करा, पण चिप दोन्ही टोकांनी थोडीथोडी उचलत, आणि खाचेची दिशा फोटो काढून ठेवल्यावरच. ही यूएलए फेरांटीने सिंक्लेअरसाठी बनवलेली खास चिप आहे. झेड८०, म्हणजे मुख्य प्रोसेसर, बाजारात मिळेल, रॅम मिळेल, हिला मात्र जपायचं.

आता थंड अवस्थेतलं मोजमाप. इथे त्या आठ चिपचा प्रश्न येतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

तुमच्या मशीनमध्ये रॅमचे दोन गट आहेत. खालची १६के म्हणजे आयसी ६ ते आयसी १३, आठ ४११६ चिप. वरची ३२के म्हणजे आयसी १५ ते आयसी २२. वरच्या चिपना फक्त ५ व्होल्ट लागतात. खालच्या ४११६ या १९७० च्या दशकातल्या घराण्यातल्या, त्यांना तीन व्होल्टेज लागतात: अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. ९ व्होल्टच्या एकाच अडॅप्टरमधून १२ आणि उणे ५ तयार करायला बोर्डच्या कोपऱ्यात एक छोटा कन्व्हर्टर आहे. एक कॉइल, टीआर४ नावाचा ट्रान्झिस्टर, झेडटीएक्स६५०, आणि त्याला हाकणारा टीआर५. मशीन निरोगी असेल तर कान जवळ नेल्यावर कॉइलची बारीक गुणगुण ऐकू येते. स्पेक्ट्रमच्या दुखण्यात सर्वांत जास्त वेळा सापडणारा रुग्ण हा टीआर४. उलटा अडॅप्टर लागला, मशीन चालू असताना मागच्या कडेला जॉयस्टिकचा इंटरफेस तिरका घुसला, की पहिला तो जातो. आणि तो गेला की उणे ५ नाहीसे होतात. उणे ५ नसताना ४११६ ला बाकीची दोन व्होल्टेज मिळत राहिली तर ती आतून तापते आणि मरते. म्हणजे रॅम मेलेली सापडली तरी ती बहुतेकदा बळी असते. मारेकरी त्या कोपऱ्यात बसलेला असतो, आणि नव्या चिप घातल्यात तर तो त्याही घेईल.

माझ्याकडून हे झालं आहे. १९८८ सालची गोष्ट. एका क्लासचा स्पेक्ट्रम आला, पडद्यावर रंगीत पट्टे. मी दोन ४११६ बदलल्या, मशीन उठलं, मी दिलं. आठवड्याने परत आलं. परत दोन बदलल्या. त्या काळी प्रत्येक फेरी म्हणजे ठाण्याहून दादर, दादरला पश्चिमेची गाडी धरून ग्रँट रोड, आणि लॅमिंग्टन रोडवर दुकानादुकानात विचारत फिरणं. तिसऱ्या वेळी मी अखेर उणे ५ मोजले. उणे दीडच्या आसपास, आणि बोर्ड दाबला की हलणारे. टीआर५ च्या एका पायाचं सोल्डर सुटलेलं होतं. चार चिप आणि त्या मुलांचा महिना, एका मोजमापाअभावी गेला. तेव्हापासून माझ्या टेबलावर आलेल्या कुठल्याही स्पेक्ट्रमची एकही चिप तीन व्होल्टेज कागदावर लिहिल्याशिवाय निघालेली नाही.

तर मल्टीमीटर ओहमवर ठेवा, मशीनला वीज नाही. आयसी ६ शोधा. खाच वरच्या बाजूला धरली तर डावीकडचा पहिला पाय नंबर १, त्याच रांगेतला शेवटचा ८, समोरच्या रांगेत त्याच्या समोरचा ९, आणि १ च्या समोरचा १६. नंबर १ वर उणे ५, ८ वर अधिक १२, ९ वर अधिक ५, १६ जमीन, म्हणजे ग्राउंड. १६ ला काळी काडी धरून बाकी तिघांवर लाल काडी लावा. कुठेही शून्याच्या आसपास ओहम दाखवत असेल तर तिथे शॉर्ट आहे आणि वीज द्यायची नाही. १२ च्या रांगेवर शॉर्ट सापडला तर एखादी ४११६ आतून जुळलेली असण्याची शक्यता मोठी. मग टीआर४ डायोड मोडवर तपासा: बेसपासून दोन्हीकडे एकाच दिशेने सहा-सातशेचा आकडा यायला हवा, कलेक्टर आणि एमिटरमध्ये काहीच नको. तिथे शॉर्ट दाखवला तर तो बदलायचा. झेडटीएक्स६५० मिळाला नाही तर झेडटीएक्स६५१ चालतो. टीआर४ बदललात की टीआर५ ही तपासाच, आणि त्याच्या जागी दुसऱ्या क्रमांकाचा लावायचा असेल तर पायांचा क्रम डेटाशीटमध्ये बघूनच. हे दोन्ही सुटे भाग चहा-वड्याच्या पैशांत येतात.

टीव्ही दुरुस्तीवाल्यांची एक चांगली सवय इथे सोडा: सिरीज बल्ब, म्हणजे विजेच्या वाटेत बल्ब घालून करंटला लगाम लावणं. मेनवर ती जीव वाचवते. इथे बल्बने व्होल्टेज खाली बसवलं तर कन्व्हर्टर सुरू होईलच याची खात्री नाही, आणि मग तुम्ही आपल्याच हाताने उणे ५ शिवाय ४११६ ला तापवत बसाल.

शॉर्ट नाही, अडॅप्टर बरोबर आहे, आता पहिल्यांदा वीज द्या. मीटरची काळी काडी क्लिपने जमिनीला, लाल काडी हातात. पहिला उणे ५ बघा, मग १२, मग ५. तिन्हींना दहा टक्क्यांची मोकळीक: उणे ४.५ ते उणे ५.५, १०.८ ते १३.२, पाचला मात्र मी ४.७५ च्या खाली मानत नाही. उणे ५ आले नाहीत तर लगेच बंद. पाच सेकंदांत कळायला हवं, रेंगाळू नका. ५ नाहीत तर ७८०५ बघा: त्याच्या आत येणाऱ्या पायावर ९ आहेत आणि बाहेर काही नाही, तर तो गेला. तुमच्या मशीनची कहाणी ऐकून मला यातलंच एक किंवा दोन्ही सापडेल असं वाटतं.

तिन्ही व्होल्टेज जागेवर आली की मग चित्राकडे. इथे मला सर्वांत आवडणारा भाग येतो, कारण स्पेक्ट्रम तो कुठपर्यंत पोचला हे पडद्यावर स्वतः सांगतो, वाचता आलं पाहिजे.

निरोगी मशीन चालू केलं की काय होतं ते डोळ्यासमोर आणा. झेड८० जागा होतो आणि रॉममधल्या, म्हणजे कायम कोरलेल्या स्मृतीतल्या, अगदी पहिल्या काही सूचनांत बॉर्डर, म्हणजे चित्राभोवतीची चौकट, पांढरी करतो. मग रॅमच्या वरच्या टोकापासून खाली येत प्रत्येक घरात २ हा आकडा भरत जातो. पडद्याची स्मृती, १६३८४ पासूनची ६९१२ बाइट, अगदी तळाला असल्यामुळे तिची पाळी शेवटी येते. ती भरली की आतला भाग काळा होतो आणि त्यावर बारीक लाल उभ्या रेघा दिसतात, प्रत्येक आठ ठिपक्यांत एक. मग तो उलट वर जात प्रत्येक घर वाचतो, दोनदा एक वजा करतो, शून्य आलं की पुढचं घर. रेघा विझतात. एक-दोन सेकंदांत सगळं पांढरं होऊन तळाला सिंक्लेअर रिसर्चची १९८२ सालची ओळ येते. स्पेक्ट्रम प्लस १९८४ चा असला तरी साल १९८२ च दिसतं, कारण आतला रॉम तोच आहे.

यातून कितीतरी कळतं. बॉर्डर ठाम पांढरी आणि आतमध्ये कचरा, पट्टे, ठिपके: म्हणजे झेड८०, रॉम आणि यूएलए एकमेकांशी बोलले, घड्याळ चालतं आहे, आणि अडखळलं ते खालच्या रॅमपाशी. बॉर्डर भलत्याच रंगाची, आत रंगीत चौकटी स्थिर गोठलेल्या: यूएलए आपलं काम करते आहे, कारण ती रॅममधला मजकूर झेड८० ला न विचारता वाचून दाखवत असते, पण झेड८० उठलेला नाही. तेव्हा त्याच्या पायांकडे जा. ११ वर ५ व्होल्ट, २९ जमीन, ६ वर ३.५ मेगाहर्ट्झचं घड्याळ, २६ वर रिसेट. रिसेट चालू केल्यावर क्षणभर खाली राहून वर ५ च्या जवळ गेला पाहिजे. खालीच अडकला असेल तर त्याचा छोटा कपॅसिटर किंवा प्लसवरचं डाव्या बाजूचं रिसेट बटण बघा; माळ्यावरच्या धुळीने आणि गंजाने ते बटण दाबलेलंच राहतं. हे मी दोन मशीनमध्ये पाहिलं आहे आणि दोन्ही वेळा लोक रॅम मागवायच्या बेतात होते. ऑसिलोस्कोप नसेल तर लॉजिक प्रोब पुरतो. ६ वर सतत पल्स, १६ वर सेकंदाला पन्नासदा येणारा बारीक इंटरप्ट. घड्याळच नसेल तर १४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, त्याचं सोल्डर, आणि सगळ्यांत शेवटी यूएलए.

पडद्यावर आतल्या भागात आठ ठिपक्यांच्या प्रत्येक गटात त्याच जागी एक उभी रेघ ठाण मांडून बसली असेल तर एक बिट अडकला आहे. गटातला डावीकडचा पहिला ठिपका म्हणजे बिट ७, शेवटचा म्हणजे बिट ०. आयसी ६ बिट ० सांभाळतो, आयसी १३ बिट ७. मोजा, म्हणजे आठपैकी नेमकी कोणती चिप ते कळतं. मग हवी ती एक चिप, आठ नाही. संशय असेल तर बोटाने चाचपा: आठ जणींत एकच चटका देत असेल तर तीच. चांगली ४११६ वर पाठुंगळीला बसवून, पाय दाबून चालू करण्याची युक्तीही कामाची आहे, पण जुनी चिप आतून शॉर्ट असेल तर ती फसते.

आणि वरची ३२के? ती चित्र अडवत नाही. पहिलं बिघडलेलं घर सापडलं की रॉम तिथेच थांबतो, तेवढीच रॅम आहे असं मानतो आणि सिंक्लेअरची ओळ दाखवतो. मशीन उठल्यावर PRINT PEEK चं हे गणित, देवनागरीत सांगायचं तर प्रिंट पीक २३७३२ अधिक २५६ गुणिले पीक २३७३३, ६५५३५ आलं तर पूर्ण ४८के शाबूत, ३२७६७ आलं तर वरचा गट दिसत नाही. तो निवांतपणे दुरुस्त करता येतो.

पडद्यावर काहीच नाही, मुंग्याच मुंग्या, पण व्होल्टेज ठीक आहेत? मग कान वापरा. कीबोर्ड लावा, पाच सेकंद थांबा आणि कळा दाबा. जिवंत स्पेक्ट्रम प्रत्येक कळीला बारीक टिक् करतो. एवढं ऐकू आलं तर रॅम, रॉम, झेड८० सगळे शाबूत आहेत आणि दोष फक्त चित्राच्या वाटेवर आहे. ज्यांनी हे मशीन मेलं म्हणून टाकून दिलं त्यातल्या कितीजणांनी ती टिक् ऐकलीच नसेल याचं मला वाईट वाटतं.

चित्राच्या वाटेचं: चालू करताच मुंग्या शांत होऊन पडदा काळा पडत असेल तर मॉड्युलेटर लहरी सोडतो आहे, पण त्याला चित्र मिळत नाही. मुंग्या ढिम्म असतील तर मॉड्युलेटरचे ५ व्होल्ट, केबल किंवा ट्यूनिंग. मॉड्युलेटरच्या डबीत बाहेरून दोन तारा जातात, एक ५ व्होल्टची, दुसरी चित्राची. काही न कापता एक परीक्षा करता येते. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घ्या, त्याचं धन टोक चित्राच्या तारेला, ऋण टोक टीव्हीच्या पिवळ्या एव्ही पिनेच्या मधल्या भागाला, आणि पिनेचं बाहेरचं कवच बोर्डच्या जमिनीला. टीव्ही एव्हीवर. इथे चित्र आलं तर मॉड्युलेटर बाजूला ठेवून हीच जोडणी कायमची करता येते. आजच्या टीव्हीवर ती ट्यूनिंगपेक्षा कितीतरी स्वच्छ दिसते, आणि डबीच्या आतला रेझिस्टर एका बाजूनेच उचललात तर उद्या मूळ रूपात परतही नेता येतं. माझं मत विचाराल तर तुम्ही हेच करा. चित्र आलं पण काळंपांढरं, तर ४.४३ मेगाहर्ट्झचा दुसरा क्रिस्टल किंवा एलएम१८८९ ही रंगांची चिप. तिला १२ व्होल्ट लागतात, म्हणजे कन्व्हर्टर अर्धवट असला की रंगही जातात. बोर्डवर फिरवायचे छोटे स्क्रू दिसले तर त्यांना हात लावू नका.

पावसाळ्यात हे काम करत असाल तर बोर्ड उघडा टाकून झोपू नका. सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात ठेवा. सोल्डर काढायची वेळ आली तर चिपचे पाय कापून एकेक पाय सोल्डर सकरने काढा. बोर्डवरच्या तांब्याच्या चकत्या जुन्या आहेत, ओढल्या की उखडतात, आणि चिप स्वस्त आहे, बोर्ड नाही. काढलेल्या जागी सॉकेट बसवा. लॅमिंग्टन रोडवरून ४११६ आणलीत तर दोन जास्त आणा, कारण जुन्या बोर्डांवरून काढून पाय सरळ केलेल्या बऱ्याच फिरत असतात.

तुमच्यासाठी क्रम सोपा आहे: मधे ऋण असलेला अडॅप्टर, थंड अवस्थेत आयसी ६ च्या १, ८ आणि ९ या पायांचे ओहम, टीआर४ चा डायोड मोडवरचा निकाल. कुठे शॉर्ट नसेल तरच वीज देऊन त्या तीन पायांवरची व्होल्टेज. हे सगळे आकडे लिहून पाठवा, सोबत बोर्डचा वरून काढलेला एक फोटो, ज्यात इश्यू नंबर, म्हणजे बोर्डची आवृत्ती, वाचता येईल, आणि चित्राचा काही मागमूस लागला तर बॉर्डरचा रंग. ट्रान्स-हार्बरने ऐरोलीहून ठाणे चार स्टेशनांच्या आतच आहे. टीआर४ बदलायला सोल्डरिंगची भीती वाटत असेल तर मशीन घेऊन या, झेडटीएक्स६५१ माझ्या डबीत आहेत.